ओटीच्या पुढे नाही

कोकणातल्या घराला कुत्रं नवीन नाही. कुत्र्याची तयारी नवीन आहे. आमच्या चौल-रेवदंड्याकडे कुत्रं कुणी आणत नसे, ते असायचं. एखाद्या गारठ्याच्या सकाळी न्हाणीच्या चुलीतल्या कोमट राखेत कुणीतरी मुटकुळं करून झोपलेलं दिसे. आजी "हाड" म्हणे, ते उठून चार पावलं लांब जाऊन बसे, आणि दुपारी त्याच आजीच्या हातचा ताकभात खाई. झाला गृहप्रवेश. पाण्याला करवंटी, झोपायला सोडणांचा ढीग, पावसाळ्यात वरून एक गोणपाट. एवढ्या सामानावर कुत्र्यांच्या पिढ्या निघाल्या. काळं असेल तर काळ्या, ठिपके असतील तर टिप्या, असं बारसंही दोन मिनिटांत उरके. त्यातली किती जगली, कशाने गेली, याचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही. म्हणून जुने दिवस बरे होते असं म्हणायला जीभ रेटत नाही.

यंदा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात उपड्या घातलेल्या होडीखाली एक कुत्री व्यायली आणि तिच्या पिल्लांतलं एक, तांबूस रंगाचं आणि एका कानाने आळशी, आमच्या नावावर लागलं. बातमी मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी आणली. "वहिनी, उद्या पाटीतून घालून आणते की," त्या आईला म्हणाल्या. पण पुण्याहून भाचीचा फोन आला आणि तिने मनाई हुकूम काढला. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी राहिलं पाहिजे. प्रश्न नुसत्या दुधाचा नाही. भावंडांशी मस्ती करताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती रुतवायचे याचं शिक्षण त्यातून होतं. ही शाळा अर्धवट सोडून आलेलं पिल्लू पुढचा अभ्यासक्रम माणसांच्या पायांवर पुरा करतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "मग तोवर तुम्ही काय करणार?"

"तयारी," मी म्हटलं.

"तयारी कसली? भात उरतो ना घरात?"

भाचीने यादी पाठवली. गादी, दोन वाडगे, गळ्यातला पट्टा, हार्नेस, फिरवायची दोरी, चावायची खेळणी, नखं कापायची कात्री, मऊ ब्रश, गोचीड काढायचा चिमटा, क्रेट, दारांना लावायची बुटकी फाटकं आणि शू शोषून घेणारे पॅड. काका ओटीवर बसून यादी मोठ्याने वाचत होते. पॅडपाशी ते थांबले. "एवढी वाडी पडलीय मागे," ते म्हणाले, "ती शोषून घेते."

अशा याद्या आम्ही लांबून पाहिलेल्या होत्या. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून शनिवारी सकाळी मुंबईची कुत्रीही मोटारीत बसून समुद्र ओलांडतात. त्यांच्याबरोबर घडीचे वाडगे, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, छोटा पंखा असा लवाजमा उतरतो. मे महिन्यात अलिबागच्या रस्त्यावर जीभ लोंबवत चाललेला बर्फाळ मुलखातला हस्की पाहिला, की यादीची खरी गरज कुणाला आहे ते कळतं. आमच्या गावठी कुत्र्याने ही हवा पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढलेली आहे. आखूड केस, बेताचा बांधा आणि मिळेल त्या सावलीत शिरायची अक्कल, एवढं तो जन्मतःच घेऊन येतो.

तेव्हा यादी आम्ही कोकणी करून घेतली. गादीच्या जागी आजीच्या नऊवारीची जुनी गोधडी आली. ती धुता येते आणि फाटली तर कुणी हळहळणार नाही. करवंटी लवंडते म्हणून जड बुडाचे स्टीलचे वाडगे घेतले. खेळणं म्हणून काकांनी नारळाचं सोडण पुढे केलं, पण भाचीने ते नामंजूर केलं. काथ्या गिळला तर आतड्यात अडकून बसतो. मग रबरी कडं आणलं. क्रेट म्हणजे पिंजरा, हे कळल्यावर आई उखडली. "एवढ्याशा पोराला पिंजऱ्यात घालायचं?" आदल्याच आठवड्यात कुंपणाचं बेडं ओलांडून कुत्रं आत येता कामा नये, असं तिने बजावलं होतं. ते 'कुत्रं' आता 'पोर' झालं होतं, आणि अजून ते होडीखालून बाहेरही पडलं नव्हतं.

भाचीची सर्वांत मोलाची सूचना यादीत नव्हती, तळटीपेत होती: घर गुडघ्यांवर रांगत बघा. पिल्लाचे डोळे जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतात; धोके त्या उंचीवरून दिसतात. सत्तरी ओलांडलेल्या काकांनी हे काम अंगावर घेतलं. हातात विजेरी, गुडघ्याला टॉवेल बांधलेले, असे ते माजघरातून पडवीकडे निघाले. त्यांना हरवलेला अडकित्ता सापडला, पंचवीस पैशांचं नाणं सापडलं, आणि कपाटामागे कुरतडायला तयार अशा वायरींचं जंजाळ सापडलं. "खालून बघितलं तर आपल्या घरात वायरींशिवाय काही नाही," असा त्यांनी कपाटाखालूनच अहवाल दिला. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवत असतात तोवर चप्पल, वायर, खुर्चीचा पाय आणि काकांचा अंगठा यांत त्याला फरक वाटत नाही.

पडवीत तपासणी पोहोचली तेव्हा खरा पेच उभा राहिला. आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या होत्या. खंडाळे-नेहुलीकडचा हा कांदा म्हणजे आमच्या तालुक्याचं भूषण. चवीला गोडसर, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि पर्यटक ज्याच्या माळा परतीच्या गाडीला हार घातल्यासारख्या मिरवत नेतात तो. हाच कांदा कुत्र्याला विष. कच्चा असो, शिजवलेला असो की तळलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तो फोडतो. लसणाचंही तेच. सर्वांत लांब वेणीचं टोक जमिनीला टेकत होतं. आईने ती वेणी वरच्या खुंटीवर चढवली, आणि तिच्या शेजारी मनुकांचा डबाही गेला, कारण द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

मग अंगण. तिथे सुपारी वाळत पडली होती. दक्षिणेला श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला असला, तरी आमच्या वाडीतलीही काही कमी नाही. सुपारीत अर्कोलिन नावाचं द्रव्य असतं. कुत्र्याच्या पोटातले पट्टकृमी पाडायला पशुवैद्य एके काळी ते औषध म्हणून देत असत, पण मात्रा जरा वाढली की कृमींबरोबर कुत्र्याचेही हाल होत. तेव्हा वाळवणाभोवती जाळी लावायची, असं ठरलं. काका सकाळपासूनचं तिसरं खांड तोंडात टाकत होते. ते मध्येच थांबले. "कुत्र्याला एवढं बाधतं, मग माणसाला?"

"तेच मी या घरात आल्यापासून सांगतेय, भावजी," आई म्हणाली. "पण मला कुठे शेपूट आहे!"

त्या दिवसानंतर घरातल्या पुष्कळ गोष्टी पिल्लाच्या नावाने झाल्या. विहिरीचा कठडा एका बाजूने खचला होता. पोरं, पाहुणे, भाडेकरू येऊन गेले तरी तो तसाच होता. आता त्याला जांभ्याचे चार चिरे लागले आणि वर जाळी आली. न्हाणीला टेकून रचलेली लाकडं दूर गेली, कारण लाकडांत उंदीर, उंदरांमागे घोणस, आणि गडग्याच्या भोकांत फुरसं, ही साखळी आम्हा सर्वांना लहानपणापासून पाठ होती. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने साचलेलं पाणी दूषित होतं आणि लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तो कुत्र्यांना होतो तसा माणसांनाही होतो. म्हणजे ती लाकडं आमच्यासाठीसुद्धा हलवायला हवी होती. पण माणसाच्या जिवासाठी कोकणी माणूस जागचा उठत नाही. दुसऱ्याच्या पिल्लाचं निमित्त लागतं.

पशुवैद्यांकडे आम्ही पिल्लाशिवायच गेलो. गाईम्हशींच्या रांगेत मोकळ्या हाताने उभे असलेले काका आणि मी, आम्ही दोघेच. डॉक्टरांनी हसू दाबून वेळापत्रक लिहून दिलं. जंताचं औषध होडीखाली असतानाच सुरू करायचं, दर दोन आठवड्यांनी. ते काम मावशींनी घेतलं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. डोस पुरे होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर आणि किनाऱ्यावर पिल्लाला खाली सोडायचं नाही, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. हाकेच्या अंतरावर समुद्र, आणि पिल्लाने तो कडेवरून बघायचा.

रेबीजचं नाव निघताच काकांनी नकळत पोटावर हात ठेवला. त्यांच्या पिढीला बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं माहीत आहेत. ती लस देशातून कधीच गेली. आता माणसालाही दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात. मात्र रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय आजही जवळजवळ नाहीच, म्हणून आधीच टोचून घ्यायचं. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं. काकांनी विचारलं, "पिल्लाला दुखत नाही ना फार?" स्वतःच्या गुडघ्याचं इंजेक्शन त्यांनी दिवाळीपासून पुढे ढकललेलं आहे.

खाण्यावरून घरात दोन तट पडले. मावशींचा पक्ष उरलेल्या भाताचा आणि माशांच्या मुंडक्यांचा. भाचीचा पक्ष पाकिटातल्या खाण्याचा. आईचा पक्ष गाईच्या दुधाचा, तो डॉक्टरांनी लगेच निकालात काढला. पुष्कळ पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. सुकटीत मीठ फार, बोंबलाच्या वासावर पिल्लू लट्टू होणार हे ठरलेलं, आणि मोठ्या माशाचा काटा घशात अडकण्याची भीती. शेवटी तह झाला. सुरुवातीला पाकिटातलं, मग हळूहळू मऊ भात आणि काटे काढलेला, बिनमिठाचा उकडलेला मासा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. "वर तुपाची धार?" आईने शेवटचा प्रयत्न केला. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते, याची तिने आठवण करून दिली.

"नामदेवांना पशुवैद्य भेटला नव्हता, वहिनी," काका म्हणाले.

शू-शीच्या जागेचा प्रश्न वाडी शोषून घेते म्हटल्याने सुटत नाही. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच एकाच ठरावीक जागी न्यायचं, म्हणजे सवय लागते. ती जागा कोणती, यावर काकांनी शास्त्र काढलं. चेक आणि जर्मन संशोधकांनी दोन वर्षं ७० कुत्र्यांवर नजर ठेवली, १,८९३ वेळा त्यांना शौचाला बसताना पाहिलं, आणि निष्कर्ष काढला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री दक्षिणोत्तर बसणं पसंत करतात. निबंध २०१३ च्या अखेरीस छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. हे ज्ञान अलिबाग तालुक्यात वाया जाणं शक्यच नव्हतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिथरतील, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आली. इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली गेली. सव्वाशे वर्षं होत आली, पृथ्वीच्या चुंबकत्वातला बारीकसा कंपही तिथे टिपला जातो. ज्या तालुक्यात एवढी अचूक दक्षिणोत्तर उपलब्ध आहे, तिथे पिल्लाला अंदाजाने बसवायचं, हे काकांना पटेना. त्यांनी होकायंत्र आणून फणसाखाली दोन खुंट्या ठोकल्या. वास्तुशास्त्रवाल्यांनी आमच्या घराचा संडास चुकीच्या दिशेला असल्याचं मागेच सांगितलं आहे. कुत्र्याचा तेवढा बरोबर असेल.

पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसरा महिना सरेपर्यंत त्याने जे ऐकलं-पाहिलं, त्याला ते जन्मभर सहसा भीत नाही, असं भाची म्हणते. त्यामुळे आवाजांचीही यादी झाली: कुकरची शिट्टी, पंपाचा खाडकन सुरू होणारा आवाज, नारळ पडतो तो धप्प, एसटीचा हॉर्न, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पर्यटकांनी लावलेली गाणी. हे सगळं त्याला हळूहळू, लांबून, हातात खाऊ ठेवून ऐकवायचं. आम्हाला मात्र ती गाणी गेली कित्येक वर्षं खाऊशिवायच ऐकावी लागली आहेत.

नावाचं घोंगडं अजून भिजत पडलंय. आईला मोती हवं, भाचीला कुठलंसं जपानी. काकांनी वाघ्या सुचवलं, पण रायगडावरचा वाघ्या इतिहासात होता की नव्हता यावरून जिल्ह्यात मोठमोठी माणसं हमरीतुमरीवर येतात. तो वाद घरात घ्यायला कुणी धजावलं नाही.

आणि मग मुख्य प्रश्न, ज्याच्यापुढे गादी-वाडगे किरकोळ आहेत: येऊ द्यायचं कुठवर? शहरातल्या घराला एकच दार असतं. कुत्रं आत असतं नाहीतर बाहेर. आमच्या अष्टागरातल्या जुन्या घराची गोष्ट निराळी. आधी बेडं, मग अंगण, मग पायऱ्या चढून ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात देवघर. कोण कुठवर येतो यावरून त्याची या घरातली पायरी ठरे. विक्रेता अंगणात, ओळखीचा ओटीवर, नातलग माजघरात. या व्यवस्थेने माणसांनाही पायऱ्यांवर ताटकळत ठेवलं आहे, आणि त्यात भूषण वाटावं असं काही नाही. पण उंबरे अजून जागच्या जागी आहेत, तेव्हा त्यांतल्या कुठल्यावर हा चार पायांचा अर्जदार अडवायचा, हे ठरवणं भाग होतं. पिल्लाने तर ते ठरवलेलं असणारच, म्हणजे कुठेच नाही.

आईची सीमारेषा बेड्यापासून अंगणापर्यंत आणि अंगणातून ओटीपर्यंत आपोआप सरकत आली होती. तिथे तिने पाय रोवले. "ओटीच्या पुढे नाही. देवघराचं तर नावच काढू नका."

"देवघरात चार आहेत की आधीच," मी म्हटलं.

ते खरं होतं. चौलच्या भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तिथे मोठी यात्रा भरते. तिथूनच आणलेली तसबीर आमच्या देवघरात आहे: मागे गाय, आणि पायाशी चार कुत्री, रोज हळदकुंकू लागून लागून तांबूस झालेली.

"ते चार वेद आहेत," आई म्हणाली. "हा म्हणू दे वेद, मग घेते आत."

"पैठणला रेडा म्हणाला होता."

"तिथे ज्ञानेश्वर होते. इथे तू आहेस."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. ओटीच्या पुढे नाही, हा ठराव रात्री जेवणं झाल्यावर एकमताने संमत झाला. मग त्यात अपवाद घालायला सुरुवात झाली. पहिला अपवाद रात्रीचा. रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलं की फणसाडचं अभयारण्य येतं. एके काळी ते जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. त्या रानात बिबटे आहेत, आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाद्य आहे. मध्ये खाडी आहे, पण बिबट्या पूल वापरणार नाही याची हमी कोण देणार? तेव्हा रात्री पिल्लू माजघरात. दुसरा अपवाद पावसाचा. वाऱ्याबरोबर झड येते आणि ओटी भिजते, तेव्हा पावसाचे चार महिने माजघरात. उन्हाळ्यात दुपारी ओटीवरचा पत्रा तापतो, तेव्हा दुपारीही. दिवाळीत फटाके, शिमग्यात ढोल, लस टोचल्यावर अंगात कणकण, घरात कुणी नसेल तेव्हा एकटेपण. काका एकेक अपवाद कागदाच्या मागे लिहीत गेले. हिशेब केला तर ठराव लागू पडत होता तो हिवाळ्यातल्या काही कोरड्या सकाळींना, आणि तेव्हा पिल्लू तसंही उन्हाला अंगणातच पडलेलं असणार.

घर सज्ज करणं म्हणतात ते हेच असावं. वाडगे आणि जाळ्या अलिबागच्या बाजारात मिळतात. पण कुणासाठी कुठला नियम किती वाकवायचा, हे आधी घरातल्या माणसांना आपापसांत ठरवून घ्यावं लागतं. जिच्याबद्दल सर्वांत धाकधूक होती ती आई तर सर्वांच्या पुढे निघाली. कागद घडी घालून काका उठत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आणखी एक लिहा. दत्तजयंतीला त्याला प्रसाद देवघराच्या उंबऱ्यावर द्यायचा. वर्षातून एक दिवस. त्याचा मान आहे तो."

काकांनी तेही लिहून घेतलं. पिल्लाचं नाव ठरायचंय, लस टोचायचीय, एक कान अजून उभा राहायचाय. मान तेवढा ठरला.